निर्गुडीचा गुण की शेकाचा?

प्रश्न : आईचा गुडघा सुजला की आमच्याकडे निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधतात आणि तिला उतार पडतो. हा गुण पाल्याचा की नुसत्या शेकाचा? वनस्पती सूज उतरवते हे प्रयोगशाळेत ठरवतात तरी कसे? – एक वाचक, जुन्नर

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग त्यातल्या त्यात सोपा असल्याने आधी तो घेऊ. यासाठीची सर्वांत रुळलेली चाचणी विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली मांडली. तीत पांढऱ्या उंदरांना आधी वनस्पतीचा अर्क पाजतात आणि काही वेळाने मागच्या पायाच्या तळव्यात कॅरागीननचे १ टक्क्याचे द्रावण ०.१ मिलिलिटर एवढे टोचतात. लाल समुद्रशैवालापासून निघणारा हा पदार्थ आइस्क्रीम दाट करण्यासाठीही वापरतात. तळव्यात टोचला की मात्र पाय सुजतो. पाय द्रवात बुडवून किती द्रव वर सरकला त्यावरून सूज दर तासाला मोजतात. सूज आणणारी रसायने शरीरातच तयार होतात; पहिल्या तासातील सुजेत त्यांपैकी हिस्टामाइन आणि सेरोटोनिन यांचा वाटा मोठा असतो, तर तिसऱ्या तासाच्या सुमारास प्रोस्टाग्लँडिनांचा. त्यामुळे अर्काचा परिणाम कोणत्या तासाला दिसला यावरून तो कोठे काम करत असावा याचा अंदाज बांधता येतो. तुलनेसाठी एका गटाला अर्काविना नुसते पाणी आणि दुसऱ्याला इंडोमेथॅसिनसारखे सूज उतरवणारे परिचित औषध देतात. समजा, पाण्याच्या गटात पाय ०.६० मिलिलिटरने फुगला आणि अर्काच्या गटात ०.३६ ने, तर सूज ४० टक्के रोखली गेली असे म्हणतात.

निर्गुडी या चाचणीला उतरलेली आहे. श्रीलंकेतील संशोधकांनी २००३ साली तिच्या पक्व, ताज्या पानांचा पाण्यातील अर्क उंदरांना पाजून सूज कमी झाल्याचे नोंदवले. पान कोवळे की जून, ताजे की वाळलेले, याला येथे महत्त्व असते, आणि झाडाची ओळख वनस्पतितज्ज्ञाकडून पटवून त्याचा नमुना जपून ठेवलेला नसेल, तर पुढचे सारे आकडे कशाचे हेच कळत नाही.

परंतु आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यात नाही. उंदराला अर्क पोटातून आणि सूज येण्यापूर्वी मिळाला. आपल्या आईंच्या गुडघ्याला मात्र सूज आल्यानंतर, बाहेरून आणि गरम पाला मिळतो. शेकाचा वाटा वेगळा काढायचा तर गुडघेदुखीच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतील, एकाला निर्गुडी आणि दुसऱ्याला तेवढाच गरम केलेला, औषधी न मानला जाणारा एखादा पाला बांधावा लागेल, आणि सूज मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटातले हे कळू देता येणार नाही. मोजणाऱ्यापासून ते लपवता येईल. रुग्णापासून लपवणे अवघड, कारण निर्गुडीचा उग्र वास आपल्याकडे लहान पोरही ओळखते.