तर्री फुकट, पातेलं नाही

याही वेळी निम्मी पत्रं एकाच गोंधळाची आहेत: फुकट डाउनलोड झालं म्हणजे ओपन सोर्स. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा सोर्स, म्हणजे लिहिलेला कोड, सगळ्यांसाठी उघडा असतो आणि परवान्याच्या अटींवर वापरता, बदलता येतो. टपरीवाला पोह्यांवर वरून तर्री फुकट वाढतो, म्हणून पातेलं उचलून घरी नेता येत नाही.

प्रश्न : मी मानेवाड्याची, बीसीएला आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत केलेला प्रोग्राम विकला तर पायथनवाल्यांना पैसे द्यावे लागतात का?

उत्तर : नाही.

प्रश्न : ओपन सोर्सचा कोड कोणालाही दिसतो, म्हणून तो असुरक्षित, असं क्लासचे सर सांगतात.

उत्तर : बंद कोडच्या आत काय आहे, ते सरांनी कधी पाहिलं? मार्च २०२४ मध्ये लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनं खोदून पाहिलं, आणि सगळं उघडं असल्यानं मुळाशी पोचता आलं. पण उघडं आहे म्हणून कोणी वाचतंच असं नाही. जावा भाषेतल्या प्रोग्रामच्या नोंदी ठेवणाऱ्या लॉगफोरजेमधली खोट २०१३ पासून होती, जगाला कळली डिसेंबर २०२१ मध्ये. तुमच्याकडे अपडेट कोण टाकतो, ते आधी सांगा.

प्रश्न : आयटी पार्कजवळ आमचं आठ प्रोग्रामरचं ऑफिस आहे. मायक्रोसॉफ्टचं प्रोग्राम लिहायचं साधन व्हिज्युअल स्टुडिओ, त्याची कम्युनिटी आवृत्ती फुकटच आहे ना? बर्डीवरचा एक जण त्याच्याच विकतच्या प्रोफेशनल आवृत्तीची ‘लाइफटाइम की’ सातशेत देतो म्हणतो.

उत्तर : एकट्याला फुकट, लहान कंपनीत पाच जणांपर्यंत. उरलेल्या तिघांचं काय, ते अधिकृत विक्रेत्याला विचारा. सातशेवाल्याकडे पक्कं बिल मागा, पुन्हा फोन उचलणार नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही लागतं, आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

प्रश्न : इतवारीतल्या एका व्यापाऱ्याला जावात बिलिंगचं सॉफ्टवेअर करून दिलं. पीडीएफ बिलासाठी आयटेक्स्ट ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरली, नेटवर ‘फ्री’ लिहिलं होतं. सहा महिन्यांनी त्यांचा सीए परवाना विचारतोय. घाबरायचं का?

उत्तर : घाबरायची वेळ सहा महिन्यांपूर्वी होती.

आयटेक्स्टच्या जुन्या आवृत्त्या एलजीपीएल आणि एमपीएल या सैल अटींच्या परवान्यांखाली होत्या. त्या काळातले ‘बिनधास्त वापरा’ छापाचे सल्ले अजून नेटवर पडून आहेत आणि लोक तेच उतरवून घेतात. २००९ च्या शेवटी पाचवी आवृत्ती आली, ती एजीपीएल या कडक परवान्याखाली. म्हणजे पैसे भरायचे नसतील, तर तुमच्या अख्ख्या प्रोग्रामचा सोर्स त्याच परवान्याखाली व्यापाऱ्याच्या हाती द्यायचा. त्यानं तो उद्या शेजारच्या दुकानाला दिला तरी तुम्हाला अडवता येत नाही. सोर्स द्यायचा नसेल तर व्यावसायिक परवाना विकत घ्यायचा. यात कोणी तुम्हाला फसवलेलं नाही. परवान्याची फाइल उघडायला दोन मिनिटं लागली असती.

आता आधी पॉम फाइलमध्ये (प्रोग्राममधल्या लायब्ररींची यादी असते ती) आवृत्ती बघा. पाचवी किंवा पुढची असेल, तर पीडीएफचा भाग अपाची पीडीएफबॉक्स या दुसऱ्या लायब्ररीवर न्या. त्याचा परवाना अपाची २.०, सोर्स द्यावा लागत नाही, परवान्याची प्रत आणि सूचना सोबत ठेवाव्या लागतात. झालेल्या सहा महिन्यांचं काय, ते मी इथे बसून सांगणार नाही. व्यापाऱ्याशी केलेला करार आणि लायब्ररींची यादी घेऊन कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाकडे जा. दिवाळीनंतर नाही, याच आठवड्यात.

यादी करताना गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून उचललेले तुकडेही धरा. ज्याला परवानाच नाही तो कोड ‘सगळ्यांचा’ नसतो, लिहिणाऱ्याचाच असतो.

प्रश्न : नोकरीसाठी डॉटनेट शिकू की लिनक्स?

उत्तर : मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट एमआयटी या ओपन सोर्स परवान्याखाली आहे आणि लिनक्सवर चालतं. दोन्ही शिका.

प्रश्न : मिहानमधल्या कंपनीत नोकरी करतो. रात्री घरी एक लायब्ररी लिहिली. ओपन सोर्स करू का?

उत्तर : आधी नेमणूकपत्र काढून वाचा. नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडची पहिली मालक, वेगळं ठरलं नसेल तर, कंपनी असते. रात्री लिहिला, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिला, एवढ्यावर तुमचा ठरत नाही. एचआरकडून लेखी घ्या, मग परवाना निवडा. साहेब चहा पिताना ‘टाक ना बे’ म्हणाले, ते लेखी नाही.