रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण त्रास खराच आहे

दोन महिन्यांत तीनदा रात्री कॅज्युअल्टी, ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) दोन्ही नॉर्मल, आणि घरचे म्हणतात ‘मनाचे खेळ आहेत’. तुमचं हे वाचून माझं ते वर्ष डोळ्यांसमोर आलं. ठाण्याहून दादरला निघालेल्या फास्ट लोकलमध्ये घाटकोपर सुटलं आणि छाती आवळली. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, आता संपलो असंच वाटलं. तो पॅनिक अटॅक होता, म्हणजे अचानक उसळणारी भीतीची लाट. तुमचा त्रासही तसाच वाटतो. कुर्ल्याला उतरलो. पुढे कित्येक महिने स्लो लोकलनेच जायचो, कधीही उतरता येतं म्हणून.

मुंग्यांचं कारण कळलं तेव्हा मला पहिला धीर आला. घाबरलं की आपण भराभर श्वास घेतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यानेच मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. श्वास पुरत नाही असं वाटतं, तेव्हा बहुतेकदा तो गरजेपेक्षा जास्त चाललेला असतो. लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते, मग ओसरते. हे सगळं शरीरात खरोखर घडतं. घरच्यांना हे जरूर सांगा.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर तपासली नसेल तर तपासून घ्या. धडधड बटण दाबल्यासारखी सुरू होऊन तशीच एकदम थांबत असेल, तर डॉक्टरांना होल्टरबद्दल, म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठेवायच्या ईसीजीबद्दल, विचारा. आणि चालताना, जिना चढताना छाती भरून येत असेल, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम फुटत असेल, तर ‘पॅनिकच असेल’ म्हणत घरी बसू नका, १०८ लावा. मधुमेहींमध्ये आणि बायकांमध्ये हार्ट अटॅकची लक्षणं इतकी ठळक नसतातही.

तुम्ही खिशात सॉर्बिट्रेट, ती जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी, ठेवता, हे मात्र मला खटकलं. मीही ठेवायचो. डॉक्टरांनी दिली नसेल तर ती घेऊ नका. तिने बीपी उतरतं, डोकं दुखतं, धडधड आणखी वाढू शकते, आणि आपण आणखी घाबरतो. बोटाला सारखा ऑक्सिमीटर लावणं, दर तासाला बीपी बघणं हेही तसंच. त्या घटकेला बरं वाटतं, पण धोका आहे हीच समजूत पक्की होते. स्लो लोकलने माझं तेच केलं.

लाट आली की जिथे आहात तिथेच थांबा. नाकाने सावकाश श्वास घ्या, सोडताना त्याहून जास्त वेळ लावा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका. दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं निघालं तर तो घातक ठरतो.

मला खरा उतार पडला तो सीबीटीने, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीने. थेरपिस्ट मला मुद्दाम जिने चढायला लावायच्या, खुर्चीत गरगर फिरवायच्या. धडधड झाली, चक्कर आली आणि तरी काही झालं नाही, हे शरीराला शिकवावं लागतं. सोबत सायकियाट्रिस्टनी एसएसआरआय गटातली (नैराश्य आणि चिंतेवर देतात ती) गोळी दिली होती. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला बेचैनी थोडी वाढूही शकते. तेवढ्यावरून मनाने बंद करू नका. अल्प्राझोलाम या मन शांत करणाऱ्या गोळीने लगेच बरं वाटतं, पण सवय लागते, म्हणून ती कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका.

लगेच सायकियाट्रिस्टकडे जाणं जड वाटत असेल तर आधी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा. सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही चालतं, मराठीत बोलता येतं. आणि पुढच्या वेळी किती वाजता सुरू झालं, तेव्हा काय करत होता, किती मिनिटांत ओसरलं एवढं लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना फाइलसोबत तो कागदही न्या.