दात आणि बोटांच्या मापावरून मृतदेह पुरुषाचा की स्त्रीचा हे कळतं का?

अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. मी नेरुळला दातांचा दवाखाना चालवते. कॉलेजात आम्ही प्लास्टरच्या साच्यांवर व्हर्नियर कॅलिपरने खालच्या सुळ्याची रुंदी मोजायचो. सुळाच का? तो सहसा शेवटपर्यंत टिकतो आणि सगळ्या दातांत स्त्री-पुरुष फरक त्याच्यातच जास्त दिसतो. पण हा ‘जास्त’ फरक सरासरी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास! कॅलिपर जरा तिरका धरला की तेवढी चूक होतेच. सुळ्याच्या रुंदीला दोन सुळ्यांमधल्या अंतराने भागून निर्देशांकही काढतात.

बोटांत तर्जनीची लांबी भागिले अनामिकेची. पुरुषांची अनामिका बहुधा लांब, त्यामुळे आकडा १ पेक्षा कमी. स्त्रियांचा १ च्या जवळ. पण माझ्या आईचीही अनामिका चांगलीच लांब आहे. दोन्ही गटांची मापं इतकी एकमेकांत मिसळलेली असतात.

सांगाडा असेल तर आधी ओटीपोटाची हाडं बघतात. एकच दात उरला असेल, तर त्याच्या गरातल्या डीएनएवर माझा जास्त विश्वास आहे: अ‍ॅमेलोजेनिन जनुकाचा तपासला जाणारा तुकडा एक्स आणि वाय गुणसूत्रांवर वेगवेगळ्या लांबीचा असतो.