मैदानात न उतरण्याचं शिक्षण कुठे मिळतं?

प्रश्न : मी १७ वर्षांची आहे, बारावीत शिकते, बास्केटबॉल खेळते. व्यावसायिक खेळाडूंनी सामाजिक प्रश्नासाठी खेळायला नकार दिल्याच्या घटना वाचल्या आणि मला याच क्षेत्रात काम करायचं असं ठरवलं. समाजशास्त्र घेऊ, क्रीडा व्यवस्थापन घेऊ की कायदा? खेळ सोडावा लागेल का? (पत्राखाली बाबांची ओळ : संप करणं हे काय करिअर आहे? पुढे हिला कामावर कोण घेईल?)

उत्तर :

कायदा घे, आणि त्यातही कामगार कायदा, करार आणि लवाद हे विषय कसून कर. समाजशास्त्र जोडीला असलं तर चांगलंच. क्रीडा व्यवस्थापनाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत प्रायोजक, तिकीटविक्री आणि प्रक्षेपण हक्क शिकवतात, तेही मालकाच्या बाजूने. तुला बसायचंय टेबलाच्या दुसऱ्या बाजूला.

तू वाचलेल्या घटनांसारखीच एक घेऊ. २३ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या केनोशा इथे पोलिसांनी जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसाच्या पाठीत गोळ्या झाडल्या. २६ तारखेला एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला मिल्वॉकी बक्स हा संघ ऑरलँडो मॅजिक संघाविरुद्धच्या प्लेऑफ म्हणजे बाद फेरीच्या सामन्यासाठी ड्रेसिंग रूममधून बाहेरच आला नाही. त्या दिवशीचे उरलेले दोन सामनेही झाले नाहीत. महिला बास्केटबॉल लीग, बेसबॉल आणि फुटबॉलमध्येही खेळाडू थांबले. वर्तमानपत्रांनी याला सर्रास बहिष्कार म्हटलं. बहिष्कार गिऱ्हाईक घालतं. पगारी माणूस काम थांबवतो तो संप. हा फरक शब्दांपुरता नाही. संप म्हटला की करार, शिस्तभंग, पगारकपात आणि कोर्ट ही चारही दारं उघडतात.

एनबीए आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सामूहिक कराराचं तिसावं कलम संप आणि टाळेबंदी दोन्हींना मनाई करतं. म्हणजे बक्सनी जे केलं ते करारानुसार त्यांना करता येत नव्हतं. शिवाय संघटनेने त्यासाठी आधी मतदानही घेतलेलं नव्हतं. तरी कुणावर कारवाई झाली नाही, कारण लीगने ती करायची नाही असं ठरवलं. हे संरक्षण कायद्याचं नव्हे, त्या वेळच्या वातावरणाचं होतं. वातावरण बदललं की तेच पाऊल महागात पडतं.

इथे वकील काय कामाला येतो, त्याचं एक उदाहरण. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्यावर १९८० मध्ये अमेरिकेतल्या गोदी कामगारांनी सोव्हिएत संघाकडे जाणारा माल हाताळायला नकार दिला. त्यांच्या करारातही संपबंदी होती. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वादाचं मूळ राजकीय आहे आणि ते लवादाकडे जाण्यासारखं नाही, म्हणून हा संप थांबवण्याचा मनाई हुकूम देता येणार नाही. मात्र संपबंदीच्या कलमात असा संप बसतो की नाही, हा प्रश्न लवादासाठी खुलाच राहिला. म्हणजे सामाजिक प्रश्नावर खेळाडू थांबले तर तिथलं कोर्ट त्यांना लगेच मैदानात ढकलेल असं नाही, पण शिस्तभंगाचा दावा मागून येऊ शकतो. एवढी बारीक रेघ रात्री अकरा वाजता चिडलेल्या खेळाडूंना समजावून सांगणारं माणूस संघटनेला लागतं. ते काम तुला जमावं म्हणून कायदा.

आता मागणीकडे ये, कारण संप बहुतेक वेळा इथेच फसतो. बक्सचे खेळाडू ड्रेसिंग रूममधूनच राज्याच्या महाधिवक्त्यांशी आणि उपराज्यपालांशी फोनवर बोलले आणि मग विधिमंडळाने पोलिसांच्या जबाबदारीचा प्रश्न हाती घ्यावा असं निवेदन वाचलं. राज्यपालांनी बोलावलेलं विशेष अधिवेशन ३१ ऑगस्टला सुरू झालं आणि चर्चा न होता काही सेकंदांत आवरलं. ज्यांच्याकडे मागणी केली त्यांचं सामना रद्द झाल्याने काहीच बिघडत नव्हतं. ज्यांचं बिघडत होतं, त्या संघमालकांकडून मात्र तीन दिवसांत पदरात पडलं : संघमालकांच्या ताब्यातली स्टेडियमं निवडणुकीत मतदान केंद्र म्हणून देणं, मतदानाच्या जाहिराती, सामाजिक न्यायासाठी खेळाडू, प्रशिक्षक आणि मालकांची समिती. २९ ऑगस्टला खेळ सुरू झाला. आणखी एक चूक : बक्सनी इतर संघांना आधी कळवलं नव्हतं. मॅजिकचे खेळाडू मैदानात सराव करत वाट पाहत होते. त्या रात्रीच्या खेळाडूंच्या बैठकीत लेकर्स आणि क्लिपर्स या संघांचा कल हंगामच सोडून देण्याकडे होता, बाकीच्यांचा नव्हता. थांबायचं कसं हे ठरलं होतं, परत कधी यायचं हे नव्हतं.

याच्या शेजारी अमेरिकेतल्याच मिझुरी विद्यापीठाचा २०१५ मधला प्रसंग ठेव. तिथले अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू व्यावसायिक नव्हते, शिष्यवृत्तीवरचे विद्यार्थी होते. वर्णद्वेषाच्या घटनांकडे दुर्लक्ष झाल्याबद्दल एक विद्यार्थी उपोषणाला बसला होता. ७ नोव्हेंबरला खेळाडूंनी जाहीर केलं की विद्यापीठ समूहाचे अध्यक्ष टिम वूल्फ पायउतार होईपर्यंत सराव नाही, सामना नाही. मागणी एकच, माणूस एकच, आणि निर्णय घेणाऱ्यांच्या हातातली. पुढच्या शनिवारचा सामना न खेळल्यास विद्यापीठाला १० लाख डॉलर भरावे लागणार होते. प्रशिक्षक खेळाडूंच्या पाठीशी उभे राहिले. ९ तारखेला वूल्फ यांनी राजीनामा दिला. यात रागापेक्षा जास्त काम गणिताने केलं, असं माझं मत. पण पुढचंही वाच : पुढच्याच महिन्यात एका आमदाराने खेळायला नकार देणाऱ्या खेळाडूंची शिष्यवृत्ती काढून घेण्याचं विधेयक आणलं. ते मागे घेतलं गेलं, तरी धोका कुठून येतो ते दिसलं. तू उद्या शिष्यवृत्तीवर खेळणार असशील तर तुझ्यामागे सामूहिक करार नसेल. शिष्यवृत्तीच्या पत्रातल्या अटीच तुझा करार.

स्पेनचा धडा वेगळा आहे. २० ऑगस्ट २०२३ रोजी महिला फुटबॉल विश्वचषकाच्या पदक समारंभात स्पेनच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष लुईस रुबियालेस यांनी जेनी एर्मोसो या खेळाडूचं संमतीशिवाय चुंबन घेतलं. नेतृत्व बदलेपर्यंत देशासाठी खेळणार नाही, अशा निवेदनावर ८१ खेळाडूंनी सह्या केल्या, विश्वविजेत्या संघाच्या सगळ्या २३ जणींसह. १० सप्टेंबरला अध्यक्ष गेले, पण खेळाडूंना महासंघातले आणखी बदल हवे होते. तेवढ्यात नव्या प्रशिक्षकाने नकार दिलेल्यांनाच संघात बोलावलं. स्पेनच्या क्रीडा कायद्यात राष्ट्रीय संघाचं बोलावणं नाकारल्यास ३,००० ते ३०,००० युरो दंड आणि २ ते १५ वर्षं परवाना निलंबन अशी तरतूद आहे. खेळाडूंना शिबिरात जावं लागलं आणि बोलणी पहाटेपर्यंत चालली. बदलांवर देखरेख ठेवायला संयुक्त समिती ठरली. दोघी घरी परतल्या, बाकीच्या राहिल्या. क्लबचा करार, राष्ट्रीय संघाचे नियम आणि देशाचा कायदा ही तीन वेगळी कागदपत्रं आहेत आणि तिन्ही एकदमच वाचावी लागतात.

या क्षेत्रात नोकऱ्या थोड्या आहेत. खेळाडू संघटनांची कार्यालयं लहान असतात, आणि पदवी हातात घेऊन थेट तिथे जाणारे विरळा. २०२० मध्ये एनबीए खेळाडूंच्या संघटनेच्या प्रमुख मिशेल रॉबर्ट्स होत्या. त्यांची सुरुवात गरीब आरोपींच्या सरकारी बचाव वकील म्हणून झाली. बेसबॉल खेळाडूंची संघटना बांधणारे मार्विन मिलर वकीलही नव्हते. पोलाद कामगारांच्या युनियनमधले अर्थतज्ज्ञ होते. तेव्हा पदवीनंतरची तीन-चार वर्षं साध्या कामगारांच्या युनियनमध्ये, कामगार कायद्याच्या वकिलाकडे किंवा मोफत कायदा सहाय्य केंद्रात घालव. गुप्त मतदान घेणं, बैठकीचं इतिवृत्त लिहिणं, सर्वांत कमी पगाराच्या माणसाला संप किती दिवस परवडेल याचा हिशेब मांडणं हे तिथेच अंगवळणी पडतं. मोठ्या खेळाडूचं पोट दोन सामन्यांवर अवलंबून नसतं. दहा दिवसांच्या करारावर आलेल्याचं असतं. परदेशी खेळाडूचा तर व्हिसाच नोकरीला बांधलेला असतो. मतदानात हात वर करायला सांगितलं की हीच माणसं मनाविरुद्ध हात वर करतात आणि तिसऱ्या दिवशी एकी फुटते.

खेळ सोडू नकोस. मेगन बर्क व्यावसायिक फुटबॉलमध्ये गोलरक्षक होत्या, मग वकील झाल्या आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या महिला फुटबॉलपटूंच्या संघटनेच्या प्रमुख. त्याच वर्षी प्रशिक्षकांकडून होणारे अत्याचार उघड झाल्यावर तिथल्या खेळाडूंनी आधी एका आठवड्याचे सामने थांबवायला लावले, आणि पुन्हा खेळायला उतरल्यावर सहाव्या मिनिटाला खेळ थांबवून मध्यवर्तुळात हात गुंफून उभ्या राहिल्या. सहावंच मिनिट, कारण तक्रारदार खेळाडूंना दाद मिळायला सहा वर्षं लागली होती. मागण्या संघटनेने लेखी दिल्या होत्या. ड्रेसिंग रूम आतून पाहिलेल्या माणसावर खेळाडूंचा विश्वास लवकर बसतो.

बाबा, तुमची काळजी रास्त आहे. एकटा पुढे झालेला खेळाडू खरंच एकटा पडू शकतो : अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या कॉलिन केपर्निकने २०१६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला, खेळायला मात्र नकार दिला नाही, तरी त्या हंगामानंतर कोणत्याही संघाने त्याला करारावर घेतलं नाही. बक्स सगळे मिळून थांबले आणि पुढच्याच वर्षी विजेते झाले. पण तुमची मुलगी संप करण्याची नोकरी मागत नाहीये. कामगार कायदा जाणणारा वकील कारखान्यात, बँकेत, सरकारी खात्यात, कुठेही लागतो. खेळात जागा मिळाली नाही तरी शिक्षण वाया जात नाही.

या महिन्यात एवढं कर. एनबीएचा किंवा अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉल लीगचा सामूहिक करार तिथल्या खेळाडू संघटनेच्या संकेतस्थळावरून उतरवून घे. तो शेकडो पानांचा आहे, सगळा वाचू नकोस. संपबंदी, शिस्तभंग, तक्रार व लवाद, न खेळलेल्या सामन्याची पगारकपात आणि शेवटी जोडलेला खेळाडूचा नमुना करार, एवढेच भाग काढ. प्रत्येकासमोर तीन रकाने आख : काय मना आहे, मोडल्यास काय होतं, निर्णय कुणाचा. तिसऱ्या रकान्यात एकाच कार्यालयाचं नाव वारंवार आलं तर त्याखाली रेघ मार, आणि तो तक्ता मला पाठव.