फाइल कुणाच्या नावाची?

"मॅडम, सहा वर्षं झाली लग्नाला. माझ्यातच खोट असंल का?"

हे विचारायला माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायका बहुतेक एकट्याच येतात. कागलकडच्या गावातली सुजाता (नाव आणि थोडे तपशील बदललेत) तशीच आली, मांडीवर जाड फाइल घेऊन. नळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी, ढीगभर सोनोग्राफ्या. नवऱ्याच्या नावाचा मात्र एकही कागद नाही.

तिला रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीवर. शेजारच्या डोहाळजेवणाचे फुलांचे दागिने पहाटेपासून बसून तिनंच गुंफले होते. ओटी भरायची वेळ आली तशी सासूबाई हळूच म्हणाल्या, "तू आत चहाचं बघ गं." वांझ असं कुणी म्हणालं नाही. "म्हणालं असतं तर भांडता तरी आलं असतं," ती म्हणाली.

पुढच्या वेळी नवरा आला, हाताची घडी घालून. "तालमीत वाढलोय मी. मला काय धाड भरलीय?" कोल्हापुरात हे इतक्यांदा ऐकलंय, की आता हसूही येत नाही. दंडातली ताकद वेगळी, वीर्यातली शुक्रजंतूंची संख्या वेगळी. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. तपासणीही साधी: २ ते ७ दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा. ना सुई, ना भूल. तिच्या पोटात दुर्बीण घालण्याआधीच ती व्हायला हवी होती.

संख्या कमी निघाली. तो फाउंड्रीत भट्टीपाशी कामाला, वर तंबाखू; दोन्हींचा परिणाम होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी.

मग तो तिला म्हणाला, "आईला सांगू नको." आणि ही तयारही झाली! इतकी वर्षं ऐकलंच आहे, आणखी थोडं. इथं मी अडून बसले. रिपोर्ट गल्लीत वाचून दाखवायची गरज नव्हती, पण त्याची झाकली मूठ हिच्या जिवावर कशाला? दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी तोच घरी बोलला, "उपचार दोघांचं चालू हायत." अर्धंच खरं. मी चालवून घेतलं.

महिन्याभरात गल्लीत पुन्हा डोहाळजेवण निघालं. सुजाता गेली नाही. रागानं का, मी विचारलं.

"न्हाई वं. ब्लाउजांची ऑर्डर होती."