एका तारखेची ओळ

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या लिखाणाचा आराखडा दोनदा वाचला. मेहनत दिसते, भाषाही स्वच्छ आहे. पण पहिल्याच पानावर ‘दुसऱ्या महायुद्धाची निर्णायक लढाई कोणती?’ हा प्रश्न दिसला आणि माझी पेन्सिल थांबली. रशियन माणूस स्टालिनग्राड म्हणेल, अमेरिकन मिडवे म्हणेल, इंग्रज अल अलामेन. तिघांकडेही पुरावे आहेत, आणि तुझी दीडशे पानं त्यांचं भांडण सोडवण्यात खर्ची पडतील.

एकाच लढाईत सगळा निकाल शोधायची ही खोड आपल्याला बहुधा पानिपतानं लावली. 14 जानेवारी 1761, विश्वासरावांना गोळी लागली, संपलं. एवढंच आपण लहानपणापासून ऐकतो. गोविंदपंत बुंदेले त्याआधी डिसेंबरातच मारले गेले होते, रसदेचा मार्ग तुटला होता, छावणीत उपासमार चालू होती. भाऊसाहेब त्या सकाळी बाहेर पडले ते छावणीत बसून मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून. संक्रांतीची तारीख पाठ असते, डिसेंबर कोणाला आठवत नाही. मीही तीस वर्षं ‘कारणे व परिणाम’ असेच शिकवले, तेव्हा दोष एकट्या तुझा नाही.

माझं ऐकशील तर प्रश्नच बदल. कोणत्या आठवड्यात कोणाला कुठून काय उचलून कुठे न्यावं लागलं, ते शोध. ज्याच्या हाती पुढाकार असतो तो आपल्या सोयीनं माणसं आणि माल हलवतो. पुढाकार गेला की शत्रूच्या सोयीनं हलवावं लागतं, आणि तेही एकाच वेळी दोन-तीन दिशांना.

त्यासाठी एक मोठा ड्रॉइंग पेपर घे. उभे रकाने पाड: रशिया, भूमध्य समुद्र, अटलांटिक, पॅसिफिक, ब्रह्मदेश. आडव्या ओळी आठवड्यांच्या. कॉम्प्युटरवर करू नकोस. पडद्यावर एका वेळी एकच रकाना दिसतो, आणि सगळी गंमत शेजारच्या रकान्यात असते.

पहिली ओळ नोव्हेंबर 1942 ची भर. 4 तारखेला जर्मन सेनापती रोमेल इजिप्तमधल्या अल अलामेनहून मागे हटू लागला. 8 तारखेला अमेरिकन आणि ब्रिटिश फौजा मोरोक्को आणि अल्जीरियात उतरल्या. 12 ते 15 च्या दरम्यान पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटाजवळ जपाननं दोन मोठ्या युद्धनौका गमावल्या. 19 तारखेला सोव्हिएत सैन्यानं स्टालिनग्राडच्या बगला सांभाळणाऱ्या रुमेनियन फौजा फोडल्या आणि 23 ला तिथल्या जर्मन सैन्याभोवतीचा वेढा पुरा झाला. सगळं मिळून वीस दिवस. आता रकान्यांमधून बाण काढ. उत्तर आफ्रिका हातची जाऊ नये म्हणून हिटलरनं ट्युनिशियात घाईघाईनं फौज ओतली, आणि त्यासाठी वाहतुकीची युंकर्स 52 विमानं भूमध्य समुद्राकडे वळवली. दोन आठवडे उलटतात न उलटतात तोच त्याच जातीची विमानं स्टालिनग्राडला हवी झाली. कमी पडली तेव्हा वैमानिक तयार करणाऱ्या शाळांमधली विमानं आणि तिथले शिक्षक ओढून आणले. वेढ्यातल्या जर्मन सहाव्या सैन्याला तगून राहायला रोज किमान 300 टन माल हवा होता. सरासरी शंभर-सव्वाशे टनांच्या आसपासच पोचला. या खटाटोपात जर्मनीची सुमारे 490 विमानं गेली. शिक्षकच मेल्यावर पुढच्या वर्षीचे वैमानिक कोण घडवणार? बरं, ट्युनिशिया तरी राहिला का? मे 1943 मध्ये तोही गेला, दोन लाखांहून अधिक कैद्यांसह. गोधडी तोकडी असली की डोकं झाकावं तर पाय उघडे पडतात. इथे डोकंही उघडं आणि पायही.

पण बाण काढायची एकदा चटक लागली की तू सगळीकडेच काढत सुटशील, म्हणून आत्ताच बजावतो. स्टालिनग्राडचा हवाई पुरवठा बर्फामुळेही फसला, आणि डिसेंबरात सोव्हिएत रणगाडे जिथून हा माल उडत होता त्या तात्सिन्स्कायाच्या विमानतळावरच जाऊन धडकले म्हणूनही. शिवाय त्याच नोव्हेंबरात मॉस्कोच्या पश्चिमेला र्झेव्हजवळ सोव्हिएत सैन्यानं दुसरा मोठा हल्ला केला होता, तो साफ आपटला. जिंकणाऱ्याचाही प्रत्येक फासा सरळ पडत नसतो. रशियातल्या कुर्स्कच्या लढाईचंही तसंच. 5 जुलै 1943 ला जर्मन हल्ला, 10 ला दोस्तांची सिसिलीत उतराई, 13 ला हिटलरकडून हल्ला थांबवण्याचा हुकूम. ‘सिसिलीनं कुर्स्क वाचवलं’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. मधली 12 तारीख बघ: त्या दिवशी सोव्हिएत सैन्यानं ओरेलकडे उलट हल्ला चढवला होता. आणि एवढं करून इटलीकडे हिटलरच्या खास एसएस दलाची एकच डिव्हिजन गेली, तीही रणगाडे मागे ठेवून.

जिंकत असलेला स्वतःच्या हातानंही पुढाकार घालवतो, हे विसरू नकोस. फेब्रुवारी 1941 पर्यंत ब्रिटिशांनी लिबियात सव्वा लाखाहून जास्त इटालियन कैदी केले होते आणि ट्रिपोलीचा रस्ता जवळजवळ मोकळा होता. मग फौज काढून ग्रीसला पाठवली. तिकडे फेब्रुवारीतच रोमेल ट्रिपोलीत उतरला होता. पुढची दोन वर्षं त्याच वाळूत गेली.

आता समुद्राचा रकाना. तुझ्या आराखड्यात तो नावालाच आहे. मे 1943 मध्ये जर्मनीच्या चाळीसहून अधिक पाणबुड्या बुडाल्या आणि 24 तारखेला जर्मन नौदलप्रमुख डोनित्झनं उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घेतल्या. नकाशावर एक इंचही रेषा सरकली नाही, पण जहाजं वाचली. आणि या युद्धात कोणती फौज कुठे लढणार हे बहुतेक वेळा जहाजांवर ठरत होतं. याचा आपल्याशी संबंध बघायचा असेल तर नोव्हेंबर 1943 ची कैरो परिषद वाच. चीनच्या चँग कै-शेकला दोस्तांनी शब्द दिला होता की अंदमानवर हल्ला करू. डिसेंबरात तो बेत रद्द झाला, कारण किनाऱ्यावर फौज उतरवणारी जहाजं फ्रान्सच्या मोहिमेसाठी हवी होती. नॉर्मंडीसाठी अंदमान थांबलं. याच रकान्यात बंगालचा दुष्काळ लिही. ब्रह्मदेश पडल्यावर तिथला तांदूळ बंद झाला, त्यातच 1943 च्या सुरुवातीला हिंदी महासागरातल्या जहाजफेऱ्या कापल्या गेल्या. तीसेक लाख माणसं मेली असं मानतात. दुष्काळाला ही एवढीच कारणं नव्हती, पण लष्करी इतिहासाची पुस्तकं हा रकाना रिकामाच ठेवतात. तू ठेवू नकोस.

मार्च 1944 ची ओळ भरताना घाई करू नकोस. जपानी फौज इंफाळ-कोहिमाकडे निघाली तेव्हा पाचवी भारतीय डिव्हिजन ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर, आराकानात होती. तिला विमानांनी उचलून आणलं. खेचरं, तोफा, सगळं. चीनला रसद नेणारी काही विमानं माउंटबॅटननं त्यासाठी वळवली. स्टालिनग्राडला जे जर्मनांना जमलं नाही ते इथे जमलं, कारण सुटे ठेवता येतील असे पंख शिल्लक होते. आणि ही कुमक येईपर्यंत मणिपुरातल्या सांगशाकच्या टेकडीवर वाट अडवून बसलेल्या पॅराशूट ब्रिगेडसोबत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. पाण्याचा तुटवडा, काटेरी तारा नाहीत, चार-पाच दिवस. तो सगळा वेळ जपान्यांच्या खात्यातून गेला. त्यांनी तीन आठवड्यांचाच शिधा बांधून आणला होता.

आता तुला एक काम देतो. सुट्टीत गावी जाताना मुंबई-गोवा महामार्गावर माणगाव लागतं. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे पडल्यावर ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून हातातली बंदूक उलटी धरून लढले आणि तिथेच कामी आले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्याच आठवड्यात सोव्हिएत सैन्य मिन्स्क घेऊन पश्चिमेकडे धावत होतं, नॉर्मंडीतल्या काँ (Caen) शहराचा उत्तर भाग ब्रिटिशांच्या हाती आला होता, पॅसिफिकमधलं सायपान बेट अमेरिकेनं काबीज केलं होतं, आणि इंफाळहून जपानी मागे फिरले होते. घाडगे यांची बटालियन मात्र इटलीत का होती? समोरचे जर्मन तिथे का होते, मिन्स्कला का नव्हते? पुढच्या रविवारी येशील तेव्हा 10 जुलैची ती एक ओळ पूर्ण भरून आण. आराखडा नको आणूस, फक्त ड्रॉइंग पेपर.

तुझे,
सर