मोहिमेची वही संगणकावर नेताना

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांविषयी या वेळी सीमाभागातून तीन पत्रे आली आहेत. तिन्ही पत्रलेखक स्वतः गेम मास्टर, म्हणजे खेळाची कथा चालवणारे, आहेत आणि तिघांचीही अडचण मोहिमेच्या, म्हणजे अनेक बैठकींत चालणाऱ्या कथेच्या, नोंदींची आहे.

प्रश्न : आम्ही काही मित्र रविवारी खानापुरात जमून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. मोहिमेची कथा कणकुंबीपासून भीमगडाच्या जंगलापर्यंतच्या मुलखात घडते. पात्रे, गावे आणि जुनी वैरे इतकी वाढली आहेत की वह्यांमध्ये वेळेवर काहीच सापडत नाही. त्यातच एक गडी नोकरीसाठी पुण्याला गेला आहे. त्यालाही खेळात ठेवायचे आहे. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या गरजा आहेत आणि त्यांसाठी सॉफ्टवेअरही वेगवेगळे लागते. नोंदी सापडणे ही पहिली गरज. त्यासाठी ऑब्सिडियनसारखे नोंदींचे सॉफ्टवेअर किंवा वर्ल्ड अॅन्व्हिल आणि कांका यांसारखी काल्पनिक जग रचण्याची संकेतस्थळे आहेत. दूरच्या गड्याला नकाशा, सोंगट्या आणि फासे दिसणे ही दुसरी गरज. ते काम व्हर्च्युअल टेबलटॉपचे. २०१२ साली आलेले रोल ट्वेंटी आणि २०२० साली आलेले फाउंड्री ही त्यातली दोन ठळक नावे. बहुतेक जण या दुसऱ्या प्रकारापासून सुरुवात करतात, कारण त्यातले नकाशे पाहताक्षणी मोह घालतात. पण मोहीम तुटते ती नकाशावाचून नव्हे, तर मागच्या पावसाळ्यात किल्लेदाराला दिलेले वचन कुणालाच न आठवल्यामुळे. म्हणून आधी नोंदींची व्यवस्था लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी मी ऑब्सिडियन सुचवेन. ते वैयक्तिक वापरासाठी विनामूल्य आहे आणि त्यातली प्रत्येक नोंद आपल्याच संगणकावर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहते, त्यामुळे ऐन खेळात इंटरनेट गेले तरी काही अडत नाही. उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडले तरी त्या फाइली कुठल्याही साध्या संपादकात उघडतील. प्रत्येक पात्राला, गावाला आणि बैठकीला एकेक पान द्यावे आणि बैठकीच्या पानावर पात्राचे नाव दुहेरी चौकटी कंसात लिहावे. मग किल्लेदाराचे पान उघडले की तो कोणकोणत्या बैठकींत आला होता, याची यादी आपोआप समोर येते. वह्यांमधला सगळा जुना मजकूर मात्र उतरवून काढू नये. पुढच्या बैठकीत ज्यांची गाठ पडण्याची शक्यता आहे तेवढीच पात्रे आणि न फिटलेली वचने आधी उतरवावीत. बाकीचे लागेल तसे येईल.

पुण्याच्या गड्यासाठी रोल ट्वेंटी सोपे पडेल, कारण ते ब्राउझरमध्येच चालते आणि काही बसवावे लागत नाही. फाउंड्री अधिक समर्थ आहे आणि त्याचा परवाना फक्त गेम मास्टरने एकदाच विकत घ्यायचा असतो. परंतु ते आपल्या संगणकावरून चालते, आणि आपल्याकडच्या अनेक इंटरनेट जोडण्यांमध्ये बाहेरून घरच्या संगणकापर्यंत थेट पोहोचता येत नाही, त्यामुळे दूरच्या खेळाडूसाठी वेगळी सोय करावी लागते. शिवाय मोबाइलच्या लहान पडद्यावर ते नीट चालत नाही. आपला गडी फोनवरूनच खेळणार असेल, तर व्हिडिओ कॉल लावून नकाशाचे छायाचित्र पाठवणे हा मार्गही मुळीच कमी प्रतीचा नाही.

प्रश्न : आमच्या गटात निम्मे मराठी आणि निम्मे कन्नड बोलणारे आहेत. सामायिक नोंदींत कोणी देवनागरीत लिहितो, कोणी कन्नड लिपीत, तर कोणी फोनवरून रोमन अक्षरांत. नाव शोधले की अर्ध्या नोंदी सापडतच नाहीत. यावर उपाय आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आहे, पण आधी दोष नेमका कुठे आहे ते पाहावे लागेल, कारण निव्वळ मराठीत लिहिले तरी ही अडचण पूर्णपणे जात नाही. साधा शोध अक्षरे जुळवतो, शब्द ओळखत नाही. ‘किल्लेदार’ शोधले तर ‘किल्लेदाराने’ सापडते, कारण मूळ शब्द त्यात जसाच्या तसा आहे. ‘पुजारी’ शोधले तर ‘पुजाऱ्याने’ सापडत नाही आणि ‘विहीर’ शोधले तर ‘विहिरीत’ही सापडत नाही, कारण सामान्यरूप होताना शब्दच बदलतो. ‘पुजाऱ्याने’मधला अर्धा र तर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सर्व लिप्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या सामायिक संकेतपद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे वाटू शकतात. दोन खेळाडूंचे कीबोर्ड वेगळे असतील, तर ही चूक डोळ्यांनी पकडताच येत नाही.

म्हणून शोधावर विसंबण्याऐवजी दुव्यांवर विसंबावे. ऑब्सिडियनमध्ये [[पुजारी|पुजाऱ्याने]] असे लिहिले, तर वाचताना ‘पुजाऱ्याने’ दिसते आणि दुवा मात्र ‘पुजारी’ याच पानाशी जोडला जातो. लिपींसाठी पानाच्या माथ्यावर पर्यायी नावे नोंदवण्याची सोय आहे. समजा, आपल्या मोहिमेत धर्मशाळा चालवणारी मल्लव्वा आहे. तिचे पान एकाच लिपीत ठेवावे आणि पर्यायी नावांत कन्नड व रोमन रूपे एकदा घालून ठेवावीत. त्यानंतर कोणीही कोणत्याही लिपीत दुवा द्यायला सुरुवात केली, की सुचवल्या जाणाऱ्या नावांत तेच पान पुढे येते. खेळाडूंनी आपापल्या लिपीत लिहिणे थांबवावे, असे मी कदापि सुचवणार नाही. निपाणीच्या टेबलावर दोन्ही भाषा सहज बोलल्या जात असतील, तर त्या नोंदींतही असल्याच पाहिजेत, आणि कन्नड खेळाडूच्या पात्राने केलेले भाषण तर त्याच्याच शब्दांत उतरलेले असावे.

जुना मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, नाहीतर कोणतेच सॉफ्टवेअर तो मराठी म्हणून वाचू शकणार नाही.

प्रश्न : नियम मराठीत उतरवून आमच्या नोंदींत ठेवावेत आणि इतर गटांनाही द्यावेत, असा विचार आहे. हे कायद्यात बसते का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम ज्या दस्तऐवजात आहेत, त्याची ५.१ ही आवृत्ती प्रकाशकांनी जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुली केली आहे. तेवढ्या भागाचे भाषांतर करता येते आणि वाटताही येते; त्यात सांगितलेला श्रेयाचा मजकूर आणि परवान्याचा उल्लेख सोबत द्यावा आणि आपण भाषांतर केल्याचे नमूद करावे. छापील पुस्तकांतला सगळाच मजकूर त्यात नाही, आणि पुस्तकांतली चित्रे व तयार साहसकथा तर या परवान्यात मुळीच येत नाहीत. आपण लढाईच्या नियमांपासून सुरुवात करावी, कारण खेळताना सर्वांत जास्त वेळा तीच पाने उघडावी लागतात.